सोलापूरच्या माळावर एमटीबी (माउंटन बाइक) नेताय? या चुका टाळा

सप्टेंबरातला रविवार. मंद्रूपच्या पुढे डांबर सोडून एका पाणंदीत शिरलो आणि शंभर पावलांत दोन्ही चाकं फिरायची थांबली. टायर आणि फ्रेमच्या मधली जागा काळ्या मातीनं गच्च भरलेली, वर त्यात गवताच्या काड्या. मी शहाणपणा करून जोर लावला. मागून 'कट्' असा आवाज आला आणि डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा मागचा भाग) थेट स्पोकमध्ये. बांधावर बसलेल्या आजोबांनी शांतपणे विचारलं, "पाव्हणं, सायकल चालवायला आलाव का उचलायला?" पुढचे दोन किलोमीटर उचलूनच काढले.

तुळजापूरचा घाट सोडला, तर शहराच्या आसपास दमवणारा चढ फारसा नाही. त्यामुळे सपाट म्हणजे सोपं असं वाटतं आणि तिथंच माणूस फसतो. इथं दम काढतात ते माती, काटे आणि ऊन.

माती न बघता रस्ता ठरवणं

आपल्याकडे पाऊस कमी, आणि जो पडतो त्यात सप्टेंबरचा वाटा सगळ्यात मोठा. म्हणजे बाहेर हिरवं बघून सायकल काढावीशी वाटते, नेमका तोच महिना चिखलाचा. हिप्परगा तलावाच्या बाजूचा मुरमाड माळ रात्री भिजला तरी दुपारपर्यंत चालवण्याजोगा होतो, कारण मुरमातून पाणी निघून जातं. काळं रान पाणी सोडत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी पाऊस संपल्यावर नुसत्या ओलीवर पोसते ती याच मातीमुळे. जी ओल पिकाला महिनोन्महिने पुरते, ती तुमच्या चाकासाठी दोन दिवसांत वाळणार नाही.

माझा हिशेब साधा आहे. चांगला पाऊस झाला की काळ्या रानातल्या पाणंदी चार-पाच दिवस बंद. शंका असेल तर खाली उतरून बुटाची टाच दाबायची. टाचेला भाकरीएवढा गोळा चिकटून वर आला की मागं फिरायचं.

अडकलातच, तर पायडल मारू नका. काडीनं नाहीतर टायर लिव्हरनं (टायर काढायच्या पट्टीनं) माती खरवडा, गरज पडली तर चाक काढा. प्यायचं पाणी त्यावर ओतू नका, माती आणखी चिकट होते आणि पाणीही जातं. मग सायकलच्या मागं उभं राहून बघा: डिरेलरच्या दोन छोट्या चकत्या कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) दातांच्या सरळ रेषेत आहेत का? आत स्पोककडे झुकल्या असतील तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारा धातूचा तुकडा) वाकलाय. अशा वेळी सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन अजिबात नेऊ नका, मधल्या गिअरवर हळूहळू घर गाठा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो आणि ऐनवेळी मिळत नाही. सायकल घेतानाच एक जादाचा घेऊन ठेवा.

उन्हाळ्यात हीच माती वाळून फाटते. भेग चाकाच्या दिशेनं आली तर पुढचं चाक रुळात अडकल्यासारखं जातं आणि तुम्ही हँडलवरून पुढे. भेगा नेहमी शक्यतो काटकोनात ओलांडा.

पंक्चर काढलं, काटा राहिला

सराट्याची वेल ओळखायला शिका. जमिनीलगत पसरलेली, बारीक पिवळी फुलं, आणि फळाला असे कडक काटे की कसंही पडलं तरी एक टोक वर असतंच. तलावाच्या भरावावर, वापरात नसलेल्या रस्त्यांच्या कडेला, मेंढरं बसवलेल्या रानात ती भरपूर असते. सोबतीला वेडी बाभूळ, आणि शेतकऱ्यानं वाट अडवायला टाकलेल्या काटेरी फांद्या. फांदी दिसली तर तिच्यावरून सायकल नेणं म्हणजे पंक्चरला आवतण, शिवाय ती फांदी 'इकडून येऊ नका' हे सांगायलाच ठेवलेली असते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: टायर बसला, घाईघाईनं नवी ट्यूब टाकली, हवा भरली, निघाले. दोन किलोमीटरवर परत फूस. कारण काटा टायरमध्ये तसाच.

ट्यूब काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हच्या समोर खडूनं खूण करा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरा आणि ती गालाजवळून फिरवा. बोटांना न जाणवणारी बारीक हवा गालाला बरोबर लागते. भोक सापडलं की खुणेच्या हिशेबानं टायरवर तीच जागा शोधा. मग जुनं सुती फडकं टायरच्या आतून गोल फिरवा. जिथं धागा अडकेल तिथं काटा. चिमटा नसेल तर नेलकटर चालतो. आणि एक सापडला म्हणून थांबू नका, सराटा एकटा कधीच येत नाही. एकदा एका टायरमधून मी नऊ काढले होते.

ट्यूबलेसवाल्यांना (ज्यांच्या टायरमध्ये ट्यूबच नसते) वाटतं आपण सुटलो. आत सीलंट (भोक बुजवणारा द्रव) ओलं असेल तोवर सुटलात. आपल्या उन्हात, त्यातून पत्र्याखाली उभ्या सायकलीत, ते लवकर आटतं. दर दोन महिन्यांनी चाक काढून कानाशी हलवा. खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर नवीन भरा. काटा काढल्यावर भोक खालच्या बाजूला येईल असं चाक धरून ठेवा, म्हणजे सीलंट तिथं जमतं.

आता व्हॉल्व्ह. गावच्या पंक्चरवाल्याकडे कंप्रेसर असतो, पण त्याची नळी मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हची. तुमच्या सायकलीला बारीक व्हॉल्व्ह असेल तर त्या हवेचा काही उपयोग नाही. पितळेचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो व्हॉल्व्हवर कायम लावूनच ठेवा. आणि हवा भरताना आकडा स्वतः सांगा. एका दुकानदारानं प्रेमानं साठ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मारले होते. "अण्णा, टाइट पायजे की!" असं म्हणत. मुरमावर तसा टायर चेंडूसारखा उडतो आणि वळणावर घसरतो. माझं वजन सत्तर किलो, टायर सव्वादोन इंची. ट्यूब असेल तर मी अठ्ठावीस ते तीस पीएसआय ठेवतो.

नकाशातली रेघ म्हणजे रस्ता समजणं

मोबाइलवर जी बारीक रेघ दिसते ती पाणंद असू शकते, दोन गावांचा शिवरस्ता असू शकते किंवा कुणाची तरी खासगी गाडीवाट. मागच्या उन्हाळ्यात मोकळी असलेली पाणंद यंदा तुरीनं निम्मी खाल्लेली असते. वस्तीवर थांबून विचारा, आणि "रस्ता आहे का?" असं विचारू नका. उत्तर "आहे की" असंच येतं. "बैलगाडी जाती का?" असं विचारा, मग खरं कळतं. उभ्या पिकातून किंवा ओल्या बांधावरून सायकल घालू नका. बांधाला चाकाची चर पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच फुटतं.

भीमेवरचे बंधारे ही वेगळी भानगड. हत्तरसंग कुडलला, सीना-भीमेच्या संगमावर, शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो बघायला जाणं हा आमचा आवडता दिवसभराचा फेरा. तिकडं गेल्यावर बंधाऱ्यावरून पलीकडं जाण्याचा मोह होतो. पण भीमेचं पाणी आपल्या आभाळाकडं बघून येत नाही. पुण्याकडं घाटात पाऊस झाला, उजनी धरणातून विसर्ग सुटला, की इथं कोरडं ऊन असताना नदी चढते. बंधाऱ्यावरून घोटाभर जरी पाणी वाहत असेल तरी शेवाळावर टायर टिकत नाही. जाताना पाणी नव्हतं म्हणून येतानाही नसेल, हे गृहीत धरू नका.

नान्नजचा माळही असाच फसवा. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटरवर, लांबच लांब गवत, कुणी नाही, सायकलीसाठीच केल्यासारखा. ते १९७९ पासूनचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो, तेही पावसाळ्याच्या आसपास. वन विभागाची परवानगी न घेता गवतात चाक घालायचं नाही. डांबरी रस्त्यावरूनही काळवीट दिसतात, तेवढ्यात समाधान माना.

ऊन आणि वारा उलटा धरणं

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. साडेपाचला निघा, नऊला घरी. एक बाटली पुरत नाही. माणशी तीन लिटर, त्यातल्या एका बाटलीत मीठ, साखर, लिंबू. खायला शेंगाचटणी-भाकरीची गुंडाळी, बाजारातल्या एनर्जी बारपेक्षा ती उन्हात बरी टिकते.

जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटतो. त्या दिवसांत मोहोळ, मंगळवेढ्याकडं जावं: जाताना वारा अंगावर, येताना पाठीवर. अक्कलकोटला जाताना उडत जाता आणि परतीला रडता. ऊस तुटायला लागला की अंधारात साखर कारखान्याच्या रस्त्यांवर जाऊच नका. दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाइट नाही.

मेंढरांच्या कळपाजवळ कुत्री अंगावर आली तर पळवू नका. उतरा, सायकल मधे धरा, धनगराला हाक मारा.

घरी आल्यावर

चिखल निघावा म्हणून वॉशिंग सेंटरवर नेऊन प्रेशरनं मारू नका. हब (चाकाचा मधला भाग) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पायडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये पाणी आणि माती दोन्ही आत जातात, महिन्याभरात करकर सुरू. चिखल वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग बादलीभर पाणी. चेनला घट्ट तेल नको, इथल्या धुळीत त्याचा काळा लगदा होतो. मेणाचं किंवा कोरडं ल्यूब थोडं लावा आणि जादाचं पुसून टाका. पुसायचं फडकं ब्रेकच्या डिस्कला लावू नका, ब्रेक किंचाळतील.

सायकल उभी करण्याआधी दोन्ही टायरवरून एकदा बोट फिरवा. काटा सापडला आणि आत ट्यूब असेल, तर तो तेव्हाच उपटा, पंक्चर तेव्हाच काढा. सकाळी पाच वाजता अंगणात टायर बसलेला बघण्यापेक्षा रात्री पंधरा मिनिटं गेलेली परवडतात.