कापूस गेला त्या वर्षी गावातलं कलाकेंद्र कसं चालवायचं

पावसाने दगा दिला, कापूस हातचा गेला, की कलाकेंद्राची फी सगळ्यात आधी थांबते, आणि त्यात लोकांचं काही चुकत नाही, घरात आधी दाणापाणीच बघणार ना. म्हणून महिन्याची फी सरळ बंद करा. पहिला वेचा विकला की द्या म्हणावं, नाहीतर ज्वारी-उडीद द्या, कार्यक्रमाच्या दिवशी कळण्याच्या भाकरीला कामी येतात.

देणगी मागायला लाजू नका. फक्त संस्थेला ८०जी, म्हणजे देणाऱ्याला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी, असेल तर रक्कम बँकेतूनच घ्या, कारण २००० रुपयांच्या वर कॅश दिली तर देणाऱ्याला सूट मिळत नाही आणि मग तो पुढच्या वेळी फोनच उचलत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास, तेव्हा दुपारचे क्लास ठेवूच नका, सकाळी सात नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर. ढोलकी पत्र्याच्या खोलीत ठेवत असाल तर वाजवून झाली की कड्या सैल करा, उन्हाने चामड्याचं पान ताणतं, फाटलं की नवीन खर्च, आणि या वर्षी तोच नकोय.

बाहेरून ऑर्केस्ट्रा कशाला? वही, म्हणजे आपलं खानदेशी लोकगायन, गाणारी मंडळी इथलीच, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी तर गल्लीतल्या आयाबायांना तोंडपाठ असतात, त्यांना माईक द्या, अहिराणीत होऊ द्या सगळं, बघा गर्दी कशी होते ते. मानधन थोडं का असेना, त्याच रात्री हातात द्यायचं, नंतर बघू म्हणायचं नाही.