शुआन कागदावर शाई आणि ॲक्रिलिक: या चुका टाळा

अमूर्त शाईचित्र बिघडलं की लोक रचनेला दोष देतात. बहुतेक वेळा खरी गडबड क्रमाची असते: आधी काय लावलं आणि नंतर काय.

चीनच्या आन्हुई प्रांतातला शुआन कागद छिंगतान झाडाची साल (इंग्रजीत ‘ब्लू सँडलवुड’ म्हणतात, पण हे चंदन नव्हे) आणि भाताचा पेंढा यांपासून बनतो. कच्चा शुआन शाई पिऊन पसरवतो. तुरटी आणि सरसाचं पाणी दिलेल्या शुआनवर शाई जागच्या जागी थांबते. दुसरा आणून पहिल्यासारखे ओघळ मागायचे, ही सर्रास होणारी चूक. घेण्याआधी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहा. लगेच जिरला तर कागद कच्चा.

ॲक्रिलिक आधी आणि शाई नंतर, हा क्रम तर हमखास फसतो. ॲक्रिलिकचा थर वाळला की प्लास्टिकसारखा होतो. शाई त्यात मुरत नाही, वर थेंब धरून बसते. शांघायमध्ये जन्मलेले चित्रकार चंग छुंगबिन शाई आणि पांढरं ॲक्रिलिक शुआनवर एकत्र वापरतात, पण ते पाहून जाड थर देऊ नका. शाईचे ओघळ आधी होऊ द्या, कागद पूर्ण वाळू द्या, मग पातळ ॲक्रिलिक. पांढरी जागाच हवी असेल तर शाईआधी तुरटीच्या पाण्याने ब्रश फिरवा. तेवढ्या भागात शाई नीट शिरत नाही. (तुरटी जास्त झाली तर कागद कालांतराने ठिसूळ होतो, हेही धरून चाला.)

चिनी शाईचित्रकार ल्यू ग्वोसोंग यांच्या चित्रांतल्या पांढऱ्या शिरा पाहून साध्या शुआनचे तंतू उपटायला जाऊ नका, भोकं पडतील. त्यांच्या कागदावर मुद्दाम जाड तंतू असत आणि शाई लावून झाल्यावर ते ओढून काढले जात.

सगळ्यात जास्त चित्रं मात्र मागे कागद चिकटवताना वाया जातात. शाई म्हणजे काजळी आणि सरस. बाटलीतली शाई फार पातळ केली की सरस कमी पडतो आणि खळीच्या ओलीने काळं वाहू लागतं. पांढरा सुती कपडा हलका ओला करून कोपऱ्यावर टेकवा. डाग आला तर ओलं काम करूच नका. त्यातून ॲक्रिलिकचा भाग ओलाव्याने फुगत नाही, भोवतालचा कागद फुगतो, म्हणून सुरकुत्या पडतात. अशा चित्रासाठी शुआनला आधीच पाठकागद लावून, वाळल्यावर मगच रंगवायला घ्यावं.