कोचच्या दारावरची पाटी आणि माझे वीस तास

रविवारी सकाळी साडेनऊला विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या इमारतीत शिरलो तेव्हा कार्ड नेहमीसारखं चाललं. वरच्या मजल्यावर मात्र डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे बचाव आखणाऱ्या कोचच्या, दारावरची पाटी गेली होती. चिकटपट्टीचे दोन पिवळट डाग तेवढे उरले होते. आदल्या दिवशी, म्हणजे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, आम्ही हंगामातला शेवटचा सामना हरलो होतो. मुख्य कोचला काढल्याचं मला ट्विटरवर कळलं. इमारतीतलं कुणी काही बोललं नव्हतं.

ही गोष्ट नोव्हेंबर 2022 ची. मी मूळचा कोल्हापूरचा. संख्याशास्त्रात एमएस करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये आलो आणि विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या (आपला पायानं खेळायचा नव्हे, चेंडू हातात घेऊन धावायचा) व्हिडिओ विभागात तासाच्या पगारावर लागलो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली माणसं अजून याच धंद्यात आहेत. खेळाच्या डेटात कसं शिरायचं, असं विचारणारी मराठी मुलं अधूनमधून भेटतात. हे त्यांच्यासाठी.

त्या संध्याकाळी घरी फोन केला. बाबा जन्मभर शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवून घेतलेले. म्हणाले, "कोच गेला तर गेला की. तू काय खेळतोस व्हय? तुला कशाला घाम फुटलाय?" त्यांना समजावताना माझंच चित्र स्पष्ट झालं. इथं मुख्य कोच एकटा येत नाही. तो आपले कोऑर्डिनेटर आणतो, कोऑर्डिनेटर आपले पोझिशन कोच (एकेका जागेच्या खेळाडूंना शिकवणारे) आणतात, ते आपले ॲनालिस्ट (फिती बघून विश्लेषण करणारे) आणतात, आणि माझ्यासारख्याचे आठवड्याचे तास त्या ॲनालिस्टच्या हातात असतात. एक पाटी निघाली की खालची पंचवीस-तीस माणसं फोन घेऊन पार्किंगमध्ये फेऱ्या मारत असतात.

आधी काम काय असतं ते सांगतो, कारण बाहेरून ते फार भारी वाटतं. सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सव्वाशे-दीडशे डाव होतात. प्रत्येक डावाच्या दोन चित्रफिती असतात, एक मैदानाच्या बाजूनं आणि एक गोलाच्या मागून. प्रत्येकासमोर भरायचं: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला कितवा), किती यार्ड हवेत, चेंडू कुठल्या हॅशवर, मागे किती रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे), किती टाइट एंड (फळीच्या टोकाला उभे राहणारे), स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, आधी कोण हललं, बचाव कुठला. हे शनिवारी रात्री सुरू होतं आणि रविवारी दुपारी कोच बसायच्या आत संपवावं लागतं. मॉडेल बिडेल सगळं त्यानंतर.

माझी पहिली मोठी चूक हॅशचीच. मैदानावर चेंडू ठेवायच्या दोन तुटक रेषा असतात, त्या हॅश. व्यावसायिक एनएफएलमध्ये त्यांच्यात साडेअठरा फूट अंतर असतं, कॉलेजमध्ये तब्बल 40 फूट. मैदान 160 फूट रुंद. म्हणजे चेंडू डाव्या हॅशवर असला की एका बाजूला 60 फूट आणि दुसरीकडे 100 फूट मोकळं रान. कॉलेजमधला निम्मा बचाव या रानाभोवती रचलेला असतो. मी एका सामन्याचे दोन क्वार्टर समोरच्या टोकाच्या कॅमेऱ्यावरून भरले. त्या कॅमेऱ्यातून डावं-उजवं उलटं दिसतं. सोमवारच्या बैठकीत पडद्यावर आलं की समोरचा संघ रुंद बाजूला जवळपास धावतच नाही. लाइनबॅकरच्या, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीच्या, कोचनं फीत दोनदा मागं घेतली, वळून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे कुणी भरलं?" त्या दिवसापासून मी आधी स्कोअरबोर्ड कुठल्या टोकाला दिसतो ते बघतो, मग हात चालवतो.

आता मूळ विषय. कोच बदलले की पुढचा हंगाम कसा जाईल, यावर डिसेंबरमध्ये सगळी अमेरिका बोलत असते, आणि तुम्ही मुलाखतीला गेलात की तुम्हालाही तेच विचारतील. मला पुढे एका मुलाखतीत विचारलं होतं. एका वर्गासाठी केलेला नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाचा अभ्यास मी दाखवला. 2021 मध्ये नेब्रास्का 3-9 नं (तीन विजय, नऊ हारी) संपली, पण नऊच्या नऊ हारी नऊ किंवा त्याहून कमी गुणांच्या. बारा सामन्यांचा हिशेब केला तर केलेले गुण दिलेल्यांपेक्षा 63 नं जास्त. पुस्तक सांगतं की असे निसटते पराभव दरवर्षी होत नाहीत, दान फिरतं. मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्टला ठेवलं, त्याचा पगार कमी केला, आक्रमणाचे चार सहायक घालवले आणि आक्रमण आखणारा नवा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर म्हणून मार्क व्हिपल आणला. मी छातीठोक लिहिलं की 2022 मध्ये सात-आठ विजय.

झालं काय? 27 ऑगस्टला डब्लिनमध्ये, तिसऱ्या क्वार्टरमध्ये 11 गुणांनी पुढे असताना फ्रॉस्टनं ऑनसाइड किक, म्हणजे चेंडू परत आपल्यालाच मिळावा म्हणून आखूड किक, मारायला लावली. ती फसली, आणि नॉर्थवेस्टर्ननं 31-28 नं सामना घेतला. पुढे जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर 45-42 नं हार, आणि दुसऱ्या दिवशी, 11 सप्टेंबरला, फ्रॉस्टची हकालपट्टी. 1 ऑक्टोबरपर्यंत कळ काढली असती तर त्याला द्यायची भरपाई दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तेवढंही थांबले नाहीत. हंगाम 4-8.

माझं गणित चुकलं नव्हतं, अर्धवट होतं. दान फिरायला पट तोच असावा लागतो. एड्रियन मार्टिनेझ हा चार वर्षं खेळवलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा खेळाडू) कॅन्सस स्टेटला गेला होता, आक्रमणाची भाषा नवी होती, ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे आक्रमणाच्या पुढच्या फळीचा, कोच नवा होता. आणि अटीतटीच्या वेळी निर्णय घेणारा माणूस मात्र जुनाच. मी हारींची नोंद केली, त्या हारींमागच्या निर्णयांची केली नाही. मुलाखत घेणाऱ्यानं हेच बोट ठेवलं आणि तरीही मला घेतलं. म्हणाला, चुकलेला अंदाज स्वतः उघडून दाखवणारे कमी असतात.

तेव्हापासून बातमी वाचताना मी मुख्य कोचच्या नावापाशी थांबत नाही, त्याच्यासोबत कोण आलं ते शोधतो. इंडियाना 2023 मध्ये 3-9 होती. कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसनहून आला तेव्हा दोन्ही कोऑर्डिनेटर, माइक शॅनहन आणि ब्रायंट हेन्स, बरोबर आले आणि तिथले डझनभर खेळाडूही. पुढच्या वर्षी 11-2. तिथं नवा संघ उभा राहिला असं लोक म्हणतात. माझ्या मते एक चालता संघ उचलून दुसऱ्या गावात ठेवला. याच्या उलट, जानेवारी 2024 मध्ये अलाबामाचा कोच निक सेबन निवृत्त झाला आणि अलाबामानं वॉशिंग्टनचा केलेन डीबोर उचलला, वॉशिंग्टननं ॲरिझोनाचा जेड फिश, ॲरिझोनानं सॅन होजे स्टेटचा ब्रेंट ब्रेनन. वॉशिंग्टन 14-1 वरून 6-7 वर, ॲरिझोना 10-3 वरून 4-8 वर. एका म्हाताऱ्यानं खुर्ची सोडली आणि दोन संघ कोसळले. कोच गेला की खेळाडूंना दुसरीकडे जायला वेगळी मुदत मिळते, हे त्यामागचं मोठं कारण. बाबांना हे लगेच पटलं: "आपल्याकडंबी नोंदणी आली की पोरं हिकडची तिकडं जात्यातच."

माझ्या इमारतीत परत येतो. नवा डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आला, सोबत स्वतःचे दोन ॲनालिस्ट. माझे तास वीसवरून सहावर आले. तक्रार कुणाकडे करणार? पण पहिल्याच आठवड्यात त्यांची अडचण दिसली. दोन हंगामांच्या फिती आमच्याकडे होत्या, पण सगळ्या जुन्या कोचच्या भाषेत भरलेल्या. तो ज्या बचावाला रंगाचं नाव देई, त्याला हे लोक शहराचं नाव देत. मैदानाच्या अरुंद बाजूला जुना "बाउंडरी" म्हणे तिथं नवा नुसतं "शॉर्ट". नव्या भाषेत शोध मारला तर पडदा कोरा.

मी दोन रात्री बसून एक साधी एक्सेल शीट केली: डाव्या रकान्यात जुना शब्द, उजव्यात नवा, मध्ये एका फितीचा क्रमांक पुरावा म्हणून. दोनशेच्या आसपास शब्द झाले. जे नक्की जुळत नव्हते ते पिवळे करून ठेवले आणि नव्या ॲनालिस्टला विचारायला गेलो. पिवळ्या रकान्यांवर आमची दीड तास चर्चा झाली, आणि त्यातच तो मला ओळखायला लागला. फेब्रुवारीत तास पुन्हा वीस. सगळं मशीन लर्निंग शिकून आलो होतो, कामाला आली ती शब्दांची यादी.

वीसच का? एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांचीच परवानगी असते. हंगामात कोच मंडळी "जरा थांब ना" म्हणतील, कारण ती स्वतः आठवड्याला ऐंशी तास काढतात. थांबू नका, आणि फुकट थांबणं तर मुळीच नको. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे आपल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, 12 महिने, आणि विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत असेल तर आणखी 24. म्हणून प्रवेश घेतानाच अभ्यासक्रम स्टेम यादीत आहे का ते बघा. स्पोर्ट्स मॅनेजमेंटला प्रवेश घेऊन इथं हात चोळत बसलेले दोघे मला माहीत आहेत. विद्यापीठाच्या नोकरीत एच-1बी या कामाच्या व्हिसासाठी लॉटरीतून जावं लागत नाही, आणि माझ्यासारख्यानं या धंद्यात टिकायचं ते एक खरं कारण. पगार मात्र विमा कंपनीतल्या मित्राच्या निम्मा आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

आणि चिकटायचं कुणाला? कोचला नाही. व्हिडिओ डायरेक्टर, खेळाडूंच्या वजन-व्यायामाचा डेटा बघणारे, ॲथलेटिक्स विभागाचे कायमचे कर्मचारी, यांच्या पाट्या सहसा निघत नाहीत. माझे ते सहा तास वाचवले तेही आमच्या व्हिडिओ डायरेक्टर बाईंनी. त्यांनी तीन मुख्य कोच पाहिले होते आणि तिघांच्याही काळात त्यांची कॉफीची कपाटं तीच होती.

अर्ज करायचा तर जानेवारीअखेर करा. तोवर नवे कोच स्थिरावलेले असतात आणि स्प्रिंगच्या पंधरा सरावांसाठी हात कमी पडत असतात. मुख्य कोचला ईमेल करू नका, ती कुणी उघडत नाही. व्हिडिओ डायरेक्टरला करा, सहा ओळींत, आणि त्याच संघाच्या मागच्या हंगामातलं एक पान जोडा: तिसऱ्या डाऊनला चारपेक्षा कमी यार्ड हवे असताना ते कुठल्या हॅशवरून कुठे गेले. डाव-दर-डाव आकडे कॉलेजफुटबॉलडेटा या संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण त्यात हॅश नसतो. तो फिती बघून हातानंच भरावा लागेल. भरताना स्कोअरबोर्ड कुठल्या टोकाला आहे ते आधी बघा.