कान्हेरी बघायची तर पाण्याच्या मागे मागे जा

आमचं घर बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या अगदी अंगाला लागून. त्यामुळे गावाकडून पाहुणे आले की त्यांना उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांकडे नेण्याचं काम आपोआप माझ्यावर येतं. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "बिबट्या दिसेल का हो?" दिवसाउजेडी बहुतेक नाहीच. बिबटे आहेत आणि बरेच आहेत, पण त्यांच्या आशेवर जाऊ नका. पाणी शोधत जा, मग जंगल आणि लेणी एकाच फेरीत समजतात.

दिवस निवडताना सोमवार टाळा, उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात. रविवारी दुपारी जाण्यापेक्षा घरी झोपा. मला विचाराल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, आठवड्यातला मधला वार, सकाळी लवकर. पायात पकड असलेले बूट हवेत. ओल्या कातळावर शेवाळ धरतं आणि चपलेचा तिथे काही उपयोग नाही. तिकिटं दोन लागतात: एक दारावर उद्यानाचं, दुसरं लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचं. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. बस मिळते, भाड्याने सायकलही मिळते, पण शेवटी शेवटी चढ दमवतो.

आत शिरल्यावर जी नदी दिसते ती दहिसर नदी. ती वर तुळशी तलावाकडून येते. विहार तलाव १८६० साली झाला आणि तुळशी १८७९ साली, दोन्ही मुंबईला पाणी पाजायला. तलावांत पाणी यायचं तर भोवतालचा डोंगर राखायला हवा, म्हणून या रानावर कुऱ्हाड कमी पडली. इतक्या मोठ्या शहराच्या पोटात हे जंगल टिकलं त्यामागे हे मोठं कारण आहे.

वाटेच्या आसपास आदिवासी पाडे आहेत. तिथली वारली माणसं वाघोबाला पुजतात आणि बिबट्याही त्यातच आला. वाघबारशीला त्याचा मान असतो. पाड्यात न विचारता शिरून फोटो काढू नका, कुणाचं तरी अंगण आहे ते. कडेला दिसणारी कारवी मात्र नीट बघून घ्या. ती सात वर्षं नुसती वाढते आणि आठव्या वर्षी फुलते. इथे २०१६ साली डोंगर जांभळे झाले होते. तिच्याच काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होतात.

आता लेणी. शंभराच्या वर आहेत, आणि बहुतेक लोक तिसरं लेणं बघून परततात. ते बघण्यासारखं आहेच: मोठं चैत्यगृह म्हणजे प्रार्थनेचं दालन, आत स्तूप, दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या जोडप्यांची शिल्पं, ओसरीत दोन बाजूंना बुद्धाच्या प्रचंड उभ्या मूर्ती. पण त्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ घालवू नका. अकराव्या लेण्यात जा. आत लांबलचक दोन दगडी बाक आहेत, बसायला बुटके. तिथे भिक्खू ओळीने बसत असणार, पाठ म्हणायला किंवा जेवायला. मग पायऱ्या चढून वर निघा, खरी कान्हेरी तिथून सुरू होते.

वर कुठल्याही छोट्या विहारासमोर, म्हणजे भिक्खूंच्या राहत्या लेण्यासमोर, थांबा आणि आधी मूर्ती शोधू नका. अंगणाच्या कडेला जमिनीत एक चौकोनी तोंड दिसेल. ती पोढी, म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. शिलालेखांत हाच शब्द येतो. वाकून कडा बघा, काही ठिकाणी झाकण बसावं म्हणून खाच कोरलेली आहे. आता मान वर करा. लेण्याच्या कपाळावर कातळात पन्हळ खोदलेली असते. डोंगरावरून येणारं पाणी दारात न गळता तिच्यातून बाजूला जातं आणि पोढीत उतरतं. पाऊस पडून गेल्यावर आलात तर ते वाहताना दिसतं. अख्खा डोंगर म्हणजे चाळीच्या पत्र्याखालचा पिंप! ओढ्यावर जुन्या बांधाचे अवशेषही आहेत. सोपारा-कल्याण या जुन्या बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी इथे दानं दिली, त्यात पोढ्याही आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं इथे वस्ती राहिली. उन्हाळ्यात या कातळावर उभं राहून बघा, साठवलेल्या पाण्याशिवाय ते शक्यच नव्हतं हे तळपायांना कळतं.

लेण्यांवर क्रमांक आहेत, त्यामुळे चुकामूक फारशी होत नाही. वेळ असेल तर एक्केचाळिसावं गाठा, तिथे अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व आहे. आणि नव्वदावं चुकवूच नका. तिथे भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इ.स. १००९ आणि १०२१ मधले. पारशी मंडळी इथे फिरायला आली आणि आपली नावं कोरून गेली. आज कुणी असं केलं तर आपण शिव्या देऊ, आणि द्याव्यातच. पण हजार वर्षं मुरल्यावर तो इतिहास होतो, काय करणार! त्याच लेण्यात अवलोकितेश्वर भक्तांना संकटांतून सोडवतो असा शिल्पपट आहे. त्यात बुडत्या जहाजाचंही संकट आहे. जहाजांवर पैसा लावणारे व्यापारी दाते असतील तर त्यांना तेच भय आधी आठवणार.

खायचं सामान पिशवीत खोल ठेवा, माकडं चेन उघडतात. पायथ्याशी बायका काकडी, पेरू, कैरी तिखट-मीठ लावून विकतात, ते लेणी बघून झाल्यावर खा. हातात काकडी धरून वर जाणं म्हणजे माकडाला आमंत्रण.

गुडघे दुखणारं कुणी बरोबर असेल तर पहिली तीन लेणी आणि जमलं तर अकरावं, एवढंच करा. बाकीचे वर जाणार असतील तर भेटायची जागा आणि वेळ खालीच ठरवून टाका. वर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, आणि परतीची बस पाचनंतर शोधायची वेळ येऊ देऊ नका.