थडगं नेमकं कुणाचं?

इजिप्तच्या थडग्यात नाव सापडलं म्हणजे मालक सापडलाच, असं नसतं. माझ्याकडे चित्रलिपी शिकायला येणारी मुलं पहिलं कार्तूश, म्हणजे लंबगोल चौकटीतलं राजनाव, वाचता आलं की हरखून जातात. त्यांचा आनंद मलाही होतो, पण पुढचा प्रश्न लगेच विचारते: हे नाव कशावर आहे, ती वस्तू कुणासाठी घडवली आणि आत कुणी ठेवली?

आधी दार बघा. नोव्हेंबर १९२२ मध्ये पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला तुतनखामुन या राजाच्या थडग्याच्या दारावर सुरुवातीला कोल्हा आणि नऊ कैद्यांचा ठसा दिसला. तो दफनभूमीच्या कारभाऱ्यांचा, त्यावरून मालक कळत नाही. राजाच्या नावाचे ठसे खालच्या बाजूला होते. सगळा जिना उपसल्यावर ते दिसले.

मग भिंती. नावाआधी ‘ओसिरिस’ (मृतांचा देव) आणि नावानंतर ‘माआ-खेरू’ (न्यायात खरा ठरलेला) असेल, तर तो उल्लेख सहसा मृताचा. पण मालकाच्या आईवडिलांनाही हेच लावतात, म्हणून चित्राशी ताडून बघा. तुतनखामुनच्या भिंतीवर आय या राजाचंही नाव आहे. तो ममीसमोर उभा राहून मुख उघडण्याचा विधी करतोय, म्हणजे अंत्यविधी करणारा वारस. ममीच्या रूपात आहे तो मालक.

भिंती पडल्या असतील तर ढिगारा चाळा, अगदी बारीक चाळणीने. लक्सरच्या पश्चिमेला सी-४ या थडग्याचं दार २०२२ मध्ये सापडलं. आजूबाजूला राजस्त्रियांची थडगी असल्यामुळे हेही एखाद्या राणीचं असेल, असं आधी वाटलं होतं. छतावर निळ्या रंगात पिवळे तारे आणि गिलाव्याच्या तुकड्यांवर राजांच्या थडग्यात असणारा ‘आमदुआत’ हा मजकूर निघाला, तेव्हा शंका आली. अलाबास्टरच्या फुटक्या भांड्यांवर दुसऱ्या थुतमोसचा उल्लेख दिवंगत राजा म्हणून होता, सोबत राणी हातशेपसुतचं नाव. पुरानंतर आतलं सामान हलवलं होतं आणि त्याची ममी तर १८८१ मध्येच देर अल-बहरीच्या गुप्त साठ्यात मिळाली होती. मृतदेह नसतानाही २०२५ मध्ये मालक जाहीर झाला. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण रिकाम्या खोलीतल्या खापऱ्यांनी राजा ओळखून दिला.

उलट राजांच्या खोऱ्यातल्या केव्ही-५५ या थडग्यात नावांचीच गर्दी. १९०७ मध्ये उघडलेल्या या थडग्यात राणी तियेसाठी बनवलेल्या देव्हाऱ्याच्या फळ्या होत्या, मंतरलेल्या विटांवर अखेनातेन या राजाचं नाव, मातीच्या ठशांवर तुतनखामुनचं. शवपेटी मुळात एका स्त्रीसाठी घडवून नंतर राजासाठी बदललेली आणि तिच्यावरची कार्तूशं कापून काढलेली. खोदकामाचा खर्च उचलणाऱ्या डेव्हिसने थडगं तियेचं ठरवलं. हाडं मात्र पुरुषाची निघाली. २०१० च्या डीएनए अभ्यासात तो पुरुष तुतनखामुनचा पिता ठरला. तरी वाद मिटला नाही, कारण हाडांवरून काढलेलं वय काही तज्ज्ञांना अखेनातेनसाठी कमी वाटतं. ते स्मेंखकारे या दुसऱ्या राजाचं नाव घेतात.

अशा वेळी प्रत्येक वस्तूसाठी तीन रकाने पाडा: कुणासाठी घडवली, कुणासाठी बदलली, कुठल्या थरात सापडली. मृतदेहाची नोंद वेगळ्या पानावर ठेवा, कारण आत पुरलेला माणूस आणि ज्याच्यासाठी थडगं खोदलं तो, हे दोघे वेगळे असू शकतात. केव्ही-५५ च्या त्या पानावर मी ‘तुतनखामुनचे वडील’ एवढंच लिहिते. मला स्वतःला तो अखेनातेनच वाटतो, पण ते मत समासात, पेन्सिलीने.