प्रतिपालक कुटुंबाच्या पाठीशी इमारतीने कसं उभं राहावं

इमारतीत एखादं मूल फॉस्टर केअरमध्ये, सरकारी भाषेत प्रतिपालकत्वाखाली, राहायला आलं की पहिल्या आठवड्यात मदतीची झुंबड उडते. खेळणी येतात, बिस्किटांचे पुडे येतात, कुणीतरी जुनी सायकल आणून ठेवतं. दोन महिन्यांनी त्या घराची बेल कुणी वाजवत नाही. माझं सांगणं नेमकं उलटं आहे: सुरुवातीला शक्य तितकी कमी माणसं जाऊ द्या, आणि पुढे वर्षभर तीच माणसं ठरल्या वेळी जाऊ द्या. मुंबईतल्या अशा घरांच्या आसपास मी बरीच वर्षं वावरते आहे. पुढचं सगळं त्या अनुभवातून.

आधी कायदा समजून घ्या

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ प्रमाणे बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबद्दल निर्णय घेणारी सरकारी समिती, मुलाला काही काळासाठी दुसऱ्या कुटुंबात ठेवू शकते. हे दत्तक नाही. मुलाचे आईवडील हयात असू शकतात. समितीने मनाई केली नसेल तर ते भेटायला येतात, आणि त्यांची परिस्थिती सावरली की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं. त्यामुळे ‘आता हेच तुझे आईबाबा’ हे वाक्य कुणीही, कितीही मायेने, उच्चारू नये.

स्वतःच प्रतिपालक व्हायचं असेल तर आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाकडे जा. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, हे आधी बघा. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. ओळखीपाळखीने गावाकडचं पोर परस्पर आणून घरात ठेवणं मात्र यात बसत नाही. तसल्या प्रकाराला हातभार लावू नका. एखादं मूल संकटात दिसलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन फिरवा.

चार माणसं ठरवा

चारच. त्यांत निदान एक घरी असणारं, एक दुचाकी चालवणारं आणि एक कागदपत्रांना न कंटाळणारं असावं. मूल कुठल्याही मदतनिसाबरोबर बंद दाराआड एकटं राहणार नाही, हा नियम चौघांनी पहिल्याच दिवशी मान्य करावा. ज्याला तो अपमान वाटतो त्याला वगळा. प्रतिपालकांची पोलीस पडताळणी होते, त्यांच्या घराची पाहणी होते. आपली तशी काहीच होत नाही, म्हणून हा नियम आपण आपल्यावर घालून घ्यायचा.

वस्तूंऐवजी वेळ द्या

‘काही लागलं तर सांगा हं’ असं म्हणू नका. कोणी सांगत नाही. वार आणि वेळ घेऊनच जा: ‘ताई, मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर मी त्याला घेऊन येते, तुम्ही येईपर्यंत आमच्याकडे दार उघडं ठेवून अभ्यासाला बसेल.’ मुंबईत शाळा सकाळच्या किंवा दुपारच्या अधिवेशनाची असते, नोकरी चर्चगेटला किंवा ठाण्याला असते, आणि मधल्या चार-पाच तासांत सगळं घर अडतं.

दुसरी गरज तारखेच्या दिवशी पडते. समितीपुढे किंवा कक्षाच्या कार्यालयात मुलाला घेऊन जायचं म्हणजे बोरिवलीहून मानखुर्द. अख्खा दिवस जातो. त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या मुलाचा डबा आणि शाळा कोण बघणार, हे आदल्या रात्री ठरलेलं असावं.

जेवण पाठवायचं तर साधं पाठवा, आणि मुलाला काय खायला आवडतं ते आधी विचारा. काही मुलं सुरुवातीला पोळी गुंडाळून उशीखाली ठेवतात, खिशात बिस्किटं भरून घेतात. उशीखालून अन्न निघालं म्हणून ओरडू नका, हसू नका, चारचौघांत सांगू नका. जेवण रोज त्याच वेळी मिळतंय, याची खात्री पटली की हे हळूहळू कमी होतं.

सगळ्यांत अवघड: तोंड आणि मोबाइल आवरणं

बाकी सगळ्या पायऱ्या मला चटकन जमल्या. हिला खूप काळ लागला, आणि आजही प्रत्येक नव्या इमारतीत ती पहिल्यापासून चढावी लागते. कारण इथे वाईट हेतूची माणसं नसतात. सगळी चांगली माणसं असतात, आणि त्यांना मुलाबद्दल बोलायचं असतं.

एकदा लिफ्टमध्ये मी होते, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा होता आणि एक आजी होत्या. आजींनी प्रेमाने विचारलं, ‘तुझे खरे आईबाबा कुठे असतात रे?’ मुलाने चपलेच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं, ‘गावाला.’ ‘कुठल्या गावाला?’ त्याने तिसऱ्या मजल्याचं बटण दाबलं. त्याचं घर सहाव्यावर होतं. तो तिसऱ्यावर उतरून जिन्याने वर गेला, आणि नंतर कित्येक आठवडे त्याने लिफ्ट वापरली नाही. आजींना यातलं काहीही कळलं नाही.

म्हणून मूल यायच्या आधीच प्रतिपालकांबरोबर बसून उत्तरं ठरवा. अगदी शब्दन् शब्द. ‘हा कोण?’ असं कुणी विचारलं तर ‘आमच्याकडे राहतो’. ‘नात्यातला का?’ तर ‘आमच्या घरातला आहे’. पुढचा प्रश्न आला तर ‘काकू, ते आपण नको बोलायला’. हेच उत्तर वॉचमनकाकांनी, कामवाल्या मावशींनी आणि शिकवणीच्या बाईंनी द्यायचं. चार घरांतून चार वेगळी उत्तरं आली की कुजबुज सुरू होते.

पुष्कळ जण सल्ला देतात, ‘भाचा आहे म्हणून सांगा, विषय मिटतो.’ मुळीच सांगू नका. ते खोटं मग त्या मुलाला रोज सांभाळावं लागतं: भाचा तर आडनाव वेगळं का, आत्या कुठली, मावशी कुठली. आणि ज्या दिवशी त्याची आई भेटायला येते आणि खाली गेटवर नाव सांगते, त्या दिवशी खोटं उघडं पडतं आणि खोटारडं ते मूल ठरतं. थोडं सांगावं, पण सांगू ते खरं असावं.

मूल स्वतःहून तुमच्याशी बोललं तर ऐका. ‘मग पुढे काय झालं?’ असं खोदू नका, आणि ऐकलेलं रात्री जेवताना नवऱ्यालाही सांगू नका. त्याला कुणी मारतंय किंवा त्याच्याशी कुणी गैर वागतंय असं त्यातून कळलं तर मात्र गप्प बसायचं नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे.

आता फोटो. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ सांगतं की काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र संपर्काच्या कुठल्याही माध्यमातून उघड करायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकताना हे कुणाच्या डोक्यात नसतं. ग्रुपवर एकदाच, मुलाचा उल्लेख न करता, सर्वसाधारण सूचना टाका: इमारतीतल्या कुठल्याही मुलाचा फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकू नये. ती सगळ्याच मुलांच्या हिताची आहे, आणि एकाकडे बोट जात नाही.

आणि मग येतो गणेशोत्सव. मंडळाचे चिटणीस हमखास म्हणणार, ‘आपण त्याला स्टेजवर बोलावून वह्या देऊ, नगरसेवकांच्या हस्ते.’ त्यांच्या मनात चांगलंच असतं, म्हणून थेट ‘नाही’ म्हटलं की ते दुखावतात आणि पुढची मदत थांबते. यावर मला जमलेला एकच तोडगा आहे. त्यांना सांगायचं, ‘वह्या इमारतीतल्या पाचवी ते दहावीच्या सगळ्या मुलांना द्या, नाव पुकारू नका, रांग लावा.’ खर्च थोडा वाढतो, बॅनर चिटणिसांचाच लागतो, आणि ते मूल बाकीच्यांसारखं रांगेत ढकलाढकली करत वह्या घेऊन येतं. वर्गणी कमी पडत असेल तर ती चौघांनी भरावी.

शाळेत फक्त मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षिका यांना माहीत असावं. प्रवेशाच्या वेळी जुना दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ते स्पष्ट आहे. कार्यालयातल्या खिडकीपाशी उभं राहून मुलाची सगळी हकिगत ऐकवायची गरज नाही.

पैसे

केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेतून प्रतिपालकत्वासाठी दरमहा ४,००० रुपये एका मुलामागे मिळतात. मुंबईत त्यात शिकवणी, शाळेची बस आणि दूध यांचा मेळ घालतानाच दमछाक होते. दातांचं काम किंवा समुपदेशकाची फी निघाली की हिशेब कोलमडतो. त्यामुळे एकरकमी भेट देण्यापेक्षा एक ठरावीक खर्च उचला, उदाहरणार्थ शिकवणीची फी जूनपासून एप्रिलपर्यंत, आणि ती थेट शिकवणीच्या बाईंना द्या. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या खात्याला हात लावू नका, पुढच्या वार्षिक सभेत तो वादाचा विषय होतो. घरच्यांना पैसे घेताना संकोच वाटत असेल तर ज्या नोंदणीकृत संस्थेतर्फे मूल आलंय तिच्याकडे भरा आणि पावती घ्या. देणगीवरची आयकरातली ८०जीची वजावट हवी असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका; नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट तशीही मिळत नाही.

जुने कपडे नकोत. बालगृहातून आलेल्या मुलाने बहुतेक वेळा दुसऱ्याचेच कपडे घातलेले असतात. एकच शर्ट द्या, पण नवा, त्याच्या मापाचा, त्याने दादरच्या दुकानात स्वतः निवडलेला. आणि आपल्या नातवाचा वाढदिवस बालगृहात केक कापून साजरा करण्याची प्रथा बंद करा. तिथल्या मुलांनी परक्या पाहुण्यांसाठी टाळ्या का वाजवायच्या? तो खर्च संस्थेला चश्म्यांसाठी किंवा परीक्षा फीसाठी द्या.

मूल घरातून निघण्याआधीच आधार द्या

बालगृहातल्या पुष्कळ मुलांची आई किंवा वडील हयात असतात. नवरा गेला, खोलीचं भाडं थकलं, आणि आईने नाइलाजाने मुलाला संस्थेत ठेवलं, अशा कहाण्या मुंबईत पायलीला पन्नास. अशा आईला तिच्या मुलासकट उभं राहायला मदत करणं, हे मला बाकी सगळ्या दानापेक्षा मोठं वाटतं, आणि त्याला लागते ती मुख्यतः चिकाटी.

राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. दरमहा २,२५० रुपये, एका मुलामागे, अठरा वर्षांपर्यंत. मिशन वात्सल्यच्या प्रायोजकत्वात, म्हणजे मूल स्वतःच्याच घरी राहावं म्हणून मिळणाऱ्या मदतीत, ४,००० आहेत. शहरात त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत लागतं. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा. वडिलांचा मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाइड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक हा गठ्ठा तयार ठेवा. घरकाम करणाऱ्या बाईला या फेऱ्या मारायच्या तर रोज एका घरची सुट्टी घ्यावी लागते आणि तेवढा पगार कापला जातो. तुम्ही तिला कामावर ठेवलं असेल तर सुट्टीचे पैसे कापू नका, आणि चौघांतलं कागदपत्रवालं माणूस तिच्याबरोबर पाठवा. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते अर्ज देण्याआधी तपासा. बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

मूल परत जाताना

प्रतिपालकांना ‘एवढं केलंत आणि शेवटी नेलंच ना त्यांनी’ असं म्हणू नका. मूल आईकडे गेलं म्हणजे व्यवस्था यशस्वी झाली. पण घर रिकामं होतं, आणि प्रतिपालक आई जेवायला बसत नाही, हेही खरं. त्या आठवड्यात डबा न्या आणि शेजारी बसा. मुलाची वह्या-पुस्तकं, औषधांची चिठ्ठी, आवडता टॉवेल पिशवीत जाऊ द्या. शिकवणीचे पैसे वर्ष संपेपर्यंत चालू ठेवा, संस्थेतर्फे.

अठराव्या वर्षानंतर

इथे मदत सगळ्यांत कमी पोहोचते. बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरही आधार देण्याची, तरतूद आहे, साधारण एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अनाथ प्रमाणपत्र असेल तर महाराष्ट्रात शिक्षणात व सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण आहे. ते प्रमाणपत्र अठरा पूर्ण होण्याआधी काढून घ्यायला लावा. नंतर जुनी कागदपत्रं शोधत फिरावं लागतं. मुंबईत त्या मुलाला खोली मिळत नाही, कारण दलाल ‘घरचे कोण?’ म्हणून विचारतो. तुमच्याकडे रिकामी खोली असेल तर डिपॉझिट हप्त्यांनी घ्या, पण भाडेकरार रीतसर नोंदवा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. बँकेपासून गॅसपर्यंत सगळीकडे त्याला राहत्या पत्त्याचा पुरावा तोच करार असतो.