रोव्हानिएमीच्या आर्क्टिक सेंटरमध्ये पीएचडीला यायचं असेल तर

उत्तर फिनलंडमधल्या रोव्हानिएमीत हिमनदी नाही, ध्रुवीय अस्वल नाही, समुद्रसुद्धा शंभरेक किलोमीटर लांब. हे आधीच सांगून टाकते, कारण मला विचारणा करणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बर्फात भोक पाडून नमुने काढणारा शास्त्रज्ञ असतो. मी इथल्या लॅपलँड विद्यापीठाच्या आर्क्टिक सेंटरमध्ये, म्हणजे उत्तर ध्रुवीय प्रदेशावरच्या संशोधन संस्थेत, पीएचडी करतेय आणि माझा बराचसा वेळ मुलाखती उतरवून काढण्यात, जुने नकाशे आणि कायद्याचे मसुदे वाचण्यात जातो.

विद्यापीठ १९७९ चं, सेंटर १९८९ चं. विद्यापीठात कायदा, शिक्षणशास्त्र, सामाजिक शास्त्रं आणि कला-डिझाइन अशा शाखा आहेत. विज्ञान शाखाच नाही. सेंटरमध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ काम करतात, पण पदवी मिळते ती यांपैकी एखाद्या शाखेतून. तेव्हा हिमनद्या, समुद्री प्रवाह, ध्रुवीय जीवशास्त्र यांतच रस असेल तर इथे येऊ नका. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं, लाँगयिअरब्येन गावातलं विद्यापीठ केंद्र बघा, नाहीतर घराजवळचं बघा: वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. स्वालबार्डवरचं भारताचं ‘हिमाद्री’ स्थानक २००८ पासून तेच चालवतं आणि मोहिमांसाठी प्रस्तावही तेच मागवतं.

मग इथे कुणी यावं? उत्तरेत माणसं राहतात, आणि त्यांच्या जमिनीचं, पाण्याचं, जनावरांचं काय होतंय असा ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी. माझं स्पष्ट मत आहे की धनगरांच्या चराईवर किंवा धरणग्रस्तांवर नीट फील्डवर्क केलेला समाजशास्त्राचा विद्यार्थी इथे भूगोलाच्या टॉपरपेक्षा लवकर रुळतो.

सेंटर ‘आर्क्टिकुम’ नावाच्या इमारतीत आहे. १७२ मीटर लांबीची काचेची नळी, बराचसा भाग जमिनीखाली, आणि शेजारीच संग्रहालय, त्यामुळे डिसेंबरात पर्यटकांच्या गर्दीतून वाट काढत टेबल गाठावं लागतं. इमारतीमागे औनासयोकी नदी आहे. थोडं पुढे ती केमियोकीला मिळते. आल्या आल्या या काठाने एक फेरी मारा, कारण सेंटरमधले निम्मे वाद समजायला ती पुरते. केमियोकीवर दुसऱ्या महायुद्धानंतर वीजप्रकल्पांची रांग उभी राहिली आणि समुद्रातून वर येणारा सामन मासा नदीच्या मुखाशीच अडला. औनासयोकीवर धरण बांधायला १९८३ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणजे वरची नदी मोकळी, पण तिच्याकडे येणारी वाट बंद! केमियोकीच्या वीजप्रकल्पांसाठीच १९६७ मध्ये लोक्का आणि १९७० मध्ये पोर्टिपाह्टा हे जलाशय भरले, आणि सोदनक्युला भागातल्या सामी या आदिवासी लोकांची कुरणं आणि घरं पाण्याखाली गेली. कोयना किंवा नर्मदेचं वाचून आलेल्या माणसाला यातलं काय ओळखीचं वाटेल ते मी सांगायला नको.

आता रेनडिअर. फिनलंडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रेनडिअर-पालनाचं क्षेत्र आहे, ते ५४ सहकारी संस्थांमध्ये विभागलेलं आहे. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये हा मुख्यतः सामींचा हक्क आहे, पण फिनलंडमध्ये त्या क्षेत्रात राहणारे फिन्निश लोकही रेनडिअर पाळतात. हा फरक माहीत नसेल तर प्रपोजल पहिल्याच पानावर गडगडतं. हवामान बदलाबद्दल ऐकायला बसलात की कळतं, इथे थंडीची तक्रार नाही. हिवाळ्यात पाऊस पडण्याची आहे. बर्फावर पाऊस पडून तो गोठला की वर टणक थर बसतो आणि जनावराला खुराने उकरून खालचं दगडफूल खाता येत नाही. सायबेरियातल्या यमाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३ मध्ये असं झालं आणि सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. सेंटरमधल्या ब्रूस फोर्ब्स आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यावर लिहिलं. बॅरेंट्स आणि कारा समुद्रांवरचं घटतं बर्फ आणि यमालच्या नेनेत्स या आदिवासी पशुपालकांनी सांगितलेल्या जुन्या घटना, दोन्ही त्यांनी एकत्र तपासलं. इथलं चांगलं काम कसं असतं, याचा तो नमुना समजा. मात्र २०२२ नंतर रशियातलं फील्डवर्क बंद आहे. यमालची स्वप्नं घेऊन येऊ नका.

सामींवर काम करायचं तर परवानगीचा प्रश्न आधी येतो. सामी संसद इनारीला आहे. सामी सांस्कृतिक वारसा आणि पारंपरिक ज्ञान यांवरच्या संशोधनासाठी तिची पूर्वसंमती घेण्याची पद्धत ठरलेली आहे. त्याला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. पिढ्यान्‌पिढ्या बाहेरचे लोक येऊन कवट्या मोजून, गाणी ध्वनिमुद्रित करून निघून गेलेत. माणसांच्या वेळा जनावरांवर ठरतात: मे महिन्यात पिल्लं होतात, उन्हाळ्यात कानांवर मालकाची खूण कापतात, शरद ऋतूपासून कळप गोळा करून वेगळे करतात. या दिवसांत मुलाखत मागू नका; मदतीला माणूस हवा का, असं विचारा. आणि ‘तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत?’ हा प्रश्न कधीच नको. बँकेत किती पैसे आहेत असं कुणी अनोळखी माणूस आपल्याला विचारत नाही.

पैशांचं सरळ गणित असं. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी माध्यमातल्या मास्टर्सला शुल्क आहे, पीएचडीला नाही. पण प्रवेश म्हणजे पगार नव्हे. पगारी जागा थोड्या, त्यामुळे बरेच जण कोने फाउंडेशनसारख्या संस्थांच्या अनुदानावर जगतात. अनुदान किमान चार महिन्यांचं असेल तर पेन्शन-विमा आपला आपण ‘मेला’ या संस्थेकडे काढायचा असतो. हे तुम्हाला विद्यापीठाच्या माहितीपत्रकात ठळक अक्षरांत दिसणार नाही. खोलीसाठी ‘दास’ या विद्यार्थी-निवास संस्थेकडे लवकर अर्ज करा. नाताळच्या मोसमात सांताक्लॉजच्या नावाने आलेल्या पर्यटकांनी गाव भरतं आणि भाडी चढतात.

अंधाराचा फार बाऊ करू नका. गाव आर्क्टिक वृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे, डिसेंबरातही सूर्य दोनेक तास उगवतो, आणि बर्फामुळे उजेड बरा वाटतो. खरा त्रास नोव्हेंबरचा, जेव्हा बर्फ टिकत नाही आणि सगळं काळपट असतं. ड जीवनसत्त्व घ्या, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावा. गुरुवारी कॅंटीनमध्ये वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक असतं, त्यावर आठवडा ढकलता येतो.

काम इंग्रजीत चालतं. पण नगरपालिकेचे कागद, जुने खटले, वर्तमानपत्रं फिन्निशमध्ये असतात. सामी भाषा शिकायची तर इनारीची सामी शिक्षण संस्था किंवा औलू विद्यापीठ बघा.

पहिली पायरी अर्ज नाही, सुपरवायझरला ईमेल. त्यात स्वतःचे गुण, ‘लहानपणापासून उत्तर ध्रुवाचं आकर्षण’ वगैरे लिहू नका. प्रश्न एका परिच्छेदात, ज्या गावात किंवा खोऱ्यात काम करायचंय त्याचं नाव, तिथल्या कुणाशी बोलणं झालंय का, आणि समोरच्याचा तुम्ही खरोखर वाचलेला एखादा लेख, एवढं पुरे. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा. जुलैत मात्र पाठवू नका, अख्खा देश सुट्टीवर असतो.